पाच आठवडे जुनी बाटली

सोमवारी सकाळी साडेदहाला यंत्राच्या पडद्यावर आकडा आला, तेव्हा केनेइल्वे फाटुदीने तो वहीत लिहून घेतला आणि मगच ती खुर्चीत बसली. शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर पेशी चमकल्या होत्या. चमकायला हव्या होत्या फार तर बारा.

प्रिटोरियातल्या या प्रयोगशाळेत सहा वर्षं एकच काम चाललं होतं. एचआयव्हीचा विषाणू गोळ्यांना दबतो, पण मरत नाही. काही टी-पेशींच्या, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, आत तो झोपून राहतो आणि गोळ्या थांबल्या की उठतो. नेमक्या त्याच पेशींपर्यंत औषध पोचवायचं होतं. त्यासाठी चरबीचा एक अतिसूक्ष्म कण बनवला होता आणि त्याच्या अंगावर अँटीबॉडीचे हूक बसवले होते. झोपलेल्या पेशीच्या पाठीवर एक खूण असते, तिलाच ते अडकावेत अशी योजना. कण कुठे गेला हे दिसावं म्हणून त्यात चमकणारा रंग मिसळलेला असे. हूकवाल्या कणांनी शंभरातल्या एक्याऐंशी पेशी उजळल्या होत्या, बिनहूकच्यांनी बारा. एवढ्याच फरकावर लेख लिहिला गेला होता आणि शुक्रवारी समितीसमोर माकडांवरच्या प्रयोगाची परवानगी मागायची होती.

लेख तपासणाऱ्या तिघांपैकी तिसऱ्याने एकच प्रश्न विचारला होता: दोन्ही कण सारखेच दिवस ठेवलेले होते का?

नव्हते. हूकसाठीची अँटीबॉडी परदेशातून येई आणि कस्टममध्ये महिना-महिना अडकून पडे. कुपी एकदा उघडली की पुन्हा गोठवता येत नसे. म्हणून आली की सगळी एकदम वापरून हूकवाल्या कणांची मोठी बाटली बनवायची आणि ती फ्रिजमध्ये ठेवून पुरवून वापरायची, अशी इथली रीत होती. बिनहूकचे कण स्वस्तातले. ते प्रत्येक वेळी त्याच सकाळी ताजे बनत. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. केनेइल्वेलाही नाही. प्रश्न वाचल्यावर तिने बिनहूकची एक बाटली भरून फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ठेवली आणि पाच आठवडे तिला हात लावला नाही. सोमवारचा आकडा त्या बाटलीचा होता.

"यंत्राचं डोकं फिरलं असेल," तंत्रज्ञ रामोशाबा म्हणाला. "शनिवारी दोनदा वीज गेली. माझंही फिरतं."

"यंत्र ठीक आहे. रंग झिरपलाय, रामोशाबा. फ्रिजमध्ये बसून बसून कणातून बाहेर आला आणि सुटा होऊन पेशींना चिकटला."

"मग हूकवाल्या बाटलीतही झिरपला असेल."

"तेच बघायचंय."

मंगळवारी त्यांनी हूकवाले कण गाळणीच्या नळीतून सोडले. सुटा रंग वर राहिला, धुतलेले कण खाली आले. ते पेशींवर घातले. शंभरात अकरा. दुपारी पुन्हा केलं, दहा. हूक कशालाच अडकत नव्हता. बहुधा कधीच अडकला नव्हता.

प्रोफेसर मुडाऊंनी बुधवारी सोमवार-मंगळवारचे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ते या कामात केनेइल्वेच्याही आधीपासून होते.

"शुक्रवारनंतर सांगितलंस तर?"

"तोवर माकडं मंजूर होतील, प्रोफ."

"झाली तर होऊ देत. परवानगी हातात असली की नवा हूक शोधता येईल. नाही मिळाली तर पैसा थांबेल, इथे झाडू मारायलाही कुणी उरणार नाही."

"माकडांना रंगाचं पाणी टोचायचं का मग?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू फार सरळ आहेस, बाई. त्याचा त्रास होतो." मग म्हणाले, "पाठव. माझंही नाव घाल."

संध्याकाळी चारला लेख मागे घेतल्याचं पत्र मासिकाला आणि समितीलाही गेलं. पाचला शुक्रवारची बैठक रद्द झाल्याचं उत्तर आलं.

गुरुवार हा म्मे गादिफेलेचा दिवस होता; म्मे म्हणजे आई, सगळे तिला तसंच म्हणत. ज्या चौदा जणांच्या रक्तावर हे काम चाले, त्यांत ती सर्वांत जुनी. दर तीन महिन्यांनी दोन्ही हातांत सुया घेऊन ती तीन तास यंत्राशेजारी बसे. यंत्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून घेई. वय बासष्ट. गोळ्या यायच्या आधीच तिची मुलगी गेली होती. गोळ्यांनी तिला स्वतःला वाचवलं, पण आता मूत्रपिंडं साथ सोडत होती. डॉक्टरांनी दोनदा गोळ्या बदलल्या होत्या, आता आणखी पर्याय नव्हता. माणसांवर प्रयोग सुरू झाला की पहिलं नाव आपलं, असं तिने चर्चमधल्या बायकांना सांगून ठेवलं होतं.

"आज उजव्या हातापासून घे गं पोरी," आल्या आल्या ती बाही वर करत म्हणाली. "डावी शीर रुसलीय. आणि सकाळी गाईचं काळीज खाऊन आलेय, तेव्हा रक्त पातळ आहे म्हणून कुरकुरू नकोस."

"म्मे, आज सुई नाही."

"वीज गेली? थांबते मी. मला कुठे जायचंय?"

"वीज आहे. कण चुकलाय."

"कुठला? तुझा तो वास काढत जाणारा कुत्रा?"

"त्याला वास येतच नव्हता. नुसता रंग सांडत होता तो. तुमच्या पेशी चमकल्या त्या रंगाने. कण आत गेलेच नव्हते."

म्मे गादिफेलेने बाही खाली केली. मनगटाचं बटण लागेना, तरी तिने केनेइल्वेला लावू दिलं नाही.

"म्हणजे भिंत रंगवलीत आणि घर बांधलं म्हणालात."

"हो."

"कधी कळलं?"

"मंगळवारी नक्की झालं."

"आज गुरुवार. दोन टॅक्सी बदलून आले मी. तुझा फोन काय मोडला होता?"

"फोनवर सांगायची हिंमत झाली नाही."

"समोर सांगायची झाली, हे बरंय." तिने बंद यंत्राकडे पाहिलं. "नवा कुत्रा किती दिवसांत?"

दोन वर्षांत, असं म्हणणं सोपं होतं. म्मेने मानही डोलावली असती.

"माहीत नाही. इथे आता होईल असं वाटत नाही मला."

"मग गोळ्या?"

"एकही चुकवू नका."

"त्याच गोळ्या माझी मूत्रपिंडं..." तिने वाक्य सोडून दिलं. "माझं सहा वर्षांचं रक्त आहे कुठे?"

"बरंचसं वापरलं. एकेचाळीस कुप्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवल्यात. काम बंद झालं की त्या नष्ट कराव्या लागतात. तुम्ही सही दिलीत तर दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेला देता येतील."

"त्यांना काय सापडलंय?"

"अजून कुणालाच काही नाही."

"टाकून दे."

"म्मे, विचार करून सांगा. घाई नाही."

"सहा वर्षं विचारच केला ना मी. आण तो कागद."

तिने ‘नष्ट करा’ या ओळीपुढे सही केली, पर्स उचलली आणि चहा न घेताच गेली. रामोशाबा तिला टॅक्सीपर्यंत सोडायला निघाला, तर तिने त्याला जिन्यातूनच परत पाठवलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर केनेइल्वेने जाड हातमोजे चढवले. टाकीचं झाकण रामोशाबाने उचललं. कुप्या वितळायला पाऊण तास लागला. एकेक उघडून तिने ब्लीचच्या पाण्यात ओतली, कागदावर खूण केली आणि खाली सही करून तारीख घातली.