निळूचा दिवा

चाळीस वर्षांपूर्वीच्या मालिकेतला यंत्रमानव दुरुस्तीला आला, तेव्हा मेकॅनिकबाईंनी आधी त्याच्या छातीवरचा दिवा पाहिला. प्लास्टिकचं झाकण उन्हाने पांढरंफटक पडलं होतं. उद्याच्या प्रदर्शनात तो कोणत्या रंगात पेटवायचा?

“लाल!” त्यांचा दादा म्हणाला. “शेजाऱ्यांच्या रंगीत टीव्हीवर पाहिलाय मी. तू आपली याला निळू, निळू म्हणायचीस. अगं छोटे, आपल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला बाबांनी निळं प्लास्टिक लावलं होतं. त्यात म्हशीसुद्धा निळ्या दिसायच्या!”

हे ऐकून ऐकून बाईंचे कान किटले होते. वाद न घालता त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि झाकणाभोवतीचं धातूचं कडं काढलं. कड्याखाली ऊन कधी पोचलंच नव्हतं. तिथे झाकणाची कड अजून निळीभोर होती.

“मग शेजाऱ्यांचा टीव्ही?” दादाने कड निरखत विचारलं.

“आठव ना, त्यात बातम्या देणारेही टोमॅटोसारखे लाल दिसायचे.”

नवं निळं झाकण बसवून बाईंनी बटण दादापुढे केलं. त्याने ते दाबलं. छाती निळीशार उजळली. दादाने यंत्रमानवापुढे हात जोडले.

“निळूशेठ, चुकलो.”

“मोठ्याने,” छोटी म्हणाली.