नमुन्याची घोंगडी

मित्रांनो, वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एक धनगरवाडी आहे. तिथं विणलेली मी एक काळी घोंगडी. आता माझे काठ विरले आहेत आणि मधोमध कसरीनं खाल्लेली सरळ रेघ आहे. माझी घडी सात वर्षं कुणी मोडलीच नाही, म्हणून ती रेघ पडली. असं का झालं, ते सांगते.

एकोणीसशे एकतीस साल होतं. सोजराबाईनं लोकर कातली आणि तिच्या नवऱ्यानं, सावळानं, मला मागावर विणलं. चिंचोक्याची खळ लावून दोघांनी मला उन्हात ताणून धरलं. सावळा एरवी मुलखाचा अबोल, पण त्या दिवशी दोनदा म्हणाला, "झ्याक उतरली."

मी घरच्यासाठी नव्हते. भोरला एका सरकारी खात्याला पहारेकऱ्यांसाठी दोनशे घोंगड्या हव्या होत्या. ज्याचा भाव कमी आणि माल चांगला, त्याला मक्ता मिळणार, असं चावडीवर वाचून दाखवलं होतं. वाडीतल्या सात घरांनी मिळून काम करायचं आणि मक्ता सावळाच्या नावानं घ्यायचा, असं ठरलं. भावाच्या कागदाबरोबर नमुना द्यायचा होता. तो नमुना मी. कचेरीत मला पांढऱ्या कापडात बांधलं आणि गाठीवर लाखेची मोहोर उठवली.

महिन्याभरानं कळलं, की मक्ता पेठेतल्या एका व्यापाऱ्याला गेला. त्याचा भाव सावळाहून घोंगडीमागं आठ आण्यांनी जास्त होता. सावळाच्या कागदावर शेरा होता, 'नमुना तपासला, वजनात कमी, पोत विरळ.'

सावळानं तो शेरा दुसऱ्याकडून वाचून घेतला आणि हरकत घ्यायची ठरवली. वकील, मुद्रांक, नकला, सगळ्याला पैसा हवा. घरात तर दाणे सोडून काही नव्हतं. तेव्हा बाकीच्या सहा घरांनी एकेक मेंढी विकून पैसे दिले. शेजारच्या ठकुबाईची मेंढी गाभण होती. सोजराबाईनं तिला शब्द दिला, "निकाल लागला की तुजी मेंढी तुज्या दारात."

सुनावणी पुढच्या वर्षी झाली. मला साहेबांच्या मेजावर ठेवलं. वकिलांनी एवढंच दाखवलं, की लाखेची मोहोर जशीच्या तशी आहे.

साहेबांनी मोहोर निरखून पाहिली आणि कारकुनाला विचारलं, "गाठोडं उघडलेलंच नाही. मग वजन आणि पोत पाहिला कुणी?"

साहेबांनी समोरच मोहोर फोडायला लावली, तराजू मागवला. तीन शेर भरले, भावाच्या कागदावर लिहिले होते तेवढेच. मक्ता रद्द झाला, आणि सावळाचा खर्च खात्यानं भरून द्यावा, असा हुकूम निघाला. कोपऱ्यात उभ्या सोजराबाईनं पदरानं तोंड पुसलं. मित्रांनो, मला वाटलं, आता मी घरी जाणार.

पण तोवर व्यापाऱ्यानं माल देऊन टाकला होता. पहारेकऱ्यांच्या अंगावर त्याच्या घोंगड्या चढल्याही होत्या. सावळाच्या हाती उरला तो फक्त खर्चाचा हुकूम, आणि खर्च किती हे अजून ठरायचं होतं. ते ठरेपर्यंत पुराव्याची वस्तू बाहेर जाऊ देता येत नाही, म्हणून मला कपाटात ठेवून दिलं.

तिथं फायलींच्या ढिगाखाली माझे दिवस जात. माणसाच्या अंगाची ऊब कशी असते, हे मला ठाऊकच नव्हतं. कपाट उघडलं की थोडा उजेड येई, मिटलं की जाई. कारकून आमच्या फायलीला 'भिजत घोंगडं' म्हणून हसत. मी मात्र कोरडी ठणठणीत होते, पाण्याचा थेंबही माझ्यावर पडला नव्हता.

दर दोन-तीन महिन्यांनी सावळा आणि सोजराबाई डोंगर उतरून येत. पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे, यावर कागद इकडून तिकडे फिरत होते. फायलीबरोबर मलाही बाहेर काढत. सोजराबाई माझ्यावरची धूळ झटकी आणि घडी उलटू का, म्हणून विचारी. कारकून नको म्हणत.

तिसऱ्या वर्षी ती एकटीच आली. कपाळ मोकळं होतं. कारकुनानं सावळाला आवाज दिला, तेव्हा तिनं मान खाली घालून सांगितलं, की तो तापानं गेला. कारकून हळूच म्हणाला, की आता वारसाचा दाखला लागेल.

त्यानंतर ती नेहमी एकटीच येई. वाडीत तिच्याशी कुणी धड बोलत नाही, असं तिनं एकदा कचेरीतल्या शिपायाला सांगितलं. सावळाच्या हट्टापायी मेंढ्या गेल्या, असं सगळे म्हणत. ठकुबाईनं तर पाणवठ्याची वेळच बदलली होती. "खरं ठरूनबी आमीच चोर झालो," ती म्हणाली.

दाखला मिळाला, तर वकिलाच्या फीची पावती नव्हती. वकील तोवर साताऱ्याला राहायला गेले होते. सोजराबाई चालत साताऱ्याला गेली. म्हाताऱ्या वकिलांनी रोजनिशी शोधून पावती लिहिली आणि ती तेव्हाच दिली नाही, या चुकीबद्दल तिला हात जोडले, असं तिनं परत आल्यावर शिपायाला सांगितलं.

एकोणीसशे अडतीसात नव्या साहेबांनी आकडा ठरवला, एकतीस रुपये. जाण्यायेण्याचा खर्चही मागता येईल, तिकिटं आहेत का, असं त्यांनी आपणहून विचारलं.

"चालतच आले, सायेब," सोजराबाई म्हणाली. "चालन्याची पावती कोन देतं?"

साहेबांनी तो रकाना कोरा ठेवला, एकतीस रुपये मोजून दिले आणि मला तिच्या हवाली केलं.

येताना ती नसरापूरच्या बाजारात थांबली. घासाघीस करकरून तिनं सहा मेंढ्या घेतल्या. मी तिच्या खांद्यावर होते. किती वर्षांनी मला मेंढ्यांचा वास आला! वाटेत ती त्यांच्याशी बोलत होती. त्या सात वर्षांत मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

वाडीत शिरल्यावर ती दारोदार गेली. कुणी मेंढी घेतली आणि मान हलवली, कुणाला डोळे पुसावे लागले. शेवटचं घर ठकुबाईचं.

ठकुबाईनं मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "माजी गाभण हुती. आजपातूर तिच्या धा झाल्या असत्या."

"व्हय," सोजराबाई म्हणाली. "त्या न्हाई मला देता यायच्या."

सोजराबाई जायला वळली, तेव्हा ठकुबाईनं तिच्या खांद्यावरून मला ओढून घेतलं. माझी घडी मोडून तिनं मला ओट्यावर अंथरलं आणि म्हणाली, "बस. लई चाललीस."

सोजराबाई बसली. शेजारी ठकुबाईही टेकली. ती नुसती सोजराबाईचे भेगाळलेले पाय बघत होती.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी घोंगडी असेल तर तिला अधूनमधून ऊन दाखवा, घडी बदला. पण कपाटात जपून ठेवू नका. आणि कुणी खूप लांबून चालत तुमच्या दारी आलं, तर आधी बसायला द्या. हिशेब मागाहून करा.