एका नंबराला एकच नोंद

दातांच्या दवाखान्यासाठी मी एक साधा प्रोग्रॅम लिहून दिला होता. काउंटरवरच्या काकू पेशंटची माहिती भरणार, 'जतन करा' दाबणार, की नोंद डेटाबेसात. पेशंट ओळखायचा मोबाइल नंबरावरून. तोच नंबर पुन्हा भरला, तर जुनी माहिती पुसून नवी बसणार. "दोन माणसांचा नंबर एक कसा असेल?" असं मी डॉक्टरीणबाईंना ऐटीत विचारलं होतं. शहाणपणा उतू जात होता माझा.

पहिली नोंद मीच भरली, आईची. ॲलर्जीच्या रकान्यात पेनिसिलीन लिहिलं. मी शाळेत असताना त्या एका इंजेक्शनानं तिचा घसा सुजला आणि ती जेमतेम हाती लागली होती. ते मी विसरणं शक्य नाही.

आज सकाळी ऑफिसात चहा घेताना डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. वहीत तीनशे बारा पेशंट, प्रोग्रॅममध्ये दोनशे चाळीसच. वेळ मिळाला की बघ, म्हणाल्या.

मी आधी काकूंच्या नावानं बोटं मोडली. मग डेटाबेस उघडला आणि वहीच्या फोटोंशी नावं ताडून पाहू लागले. नवरा होता, बायको नव्हती. नातू होता, आजोबा नव्हते. घरात सगळ्यांनी एकच नंबर दिलेला. शेवटी जो आला तो उरला, बाकीचे गेले.

आमच्या घरीही तेच. आई-बाबा दोघंही फोन उचलायचा कंटाळा करतात आणि जिथेतिथे माझा नंबर देतात. गेल्या आठवड्यात बाबा कवळीसाठी गेले होते. आणि आज, आत्ता, आई दाढ काढायला गेली होती.

मी माझा नंबर टाकला. आईचं नाव आलं. जीव भांड्यात पडला. मग वय दिसलं, बहात्तर. आई चौसष्ट वर्षांची आहे. त्याखाली ॲलर्जी: नाही.

मी लगेच दवाखान्यात फोन लावला. काकूंनी चौथ्या रिंगला उचलला.

"अगं, तुझाच विषय चालला होता. आईंचा नंबर टाकला तर बाबांचं नाव आलं. मी म्हटलं काहीतरी गडबड झाली असेल, नाव तेवढं बदलून टाकलं."

"काकू, इंजेक्शन..."

"दिलं की आत्ताच. पू झाला होता ना. नर्सनं विचारलं होतं हं, कशाची ॲलर्जी आहे का म्हणून. तर आई म्हणाल्या, मला कशाला विचारता, लेकीनं सगळं त्या कॉम्प्युटरात लिहून ठेवलंय, त्यातच बघा." काकू हसल्या. "फार कौतुक हो तुझं त्यांना. थांब जरा, आतून बाई हाक मारतायत."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. मला त्यांची चप्पल आत धावत गेलेली ऐकू आली.