फलकावरची चौथी गाठ

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. खरं सांगायचं तर दोराचा आठवा हिस्सा आहे. बाकीचे सात हिस्से माझ्या शेजारीच, एका फळीवर खिळे ठोकून बसवलेले आहेत. आमच्यावर काच आहे, काचेला कुलूप आहे आणि वर सोनेरी अक्षरांत 'स्काऊट-गाईड गाठींचा फलक' असं लिहिलं आहे. माझा नंबर चौथा. माझ्याखाली चिठ्ठी आहे : 'जीवरक्षक गाठ'.

हा फलक मुख्याध्यापकांच्या खोलीत खिडकीसमोर टांगला आहे. खिडकीतून शाळेमागची विहीर दिसते. विहिरीला कठडा नाही. कठड्याचा ठराव आहे, तो कपाटात आहे. गेली नऊ वर्षं मला बघायला दुसरं काही नाही.

माझा जन्म याच गावचा, सोनपेठच्या अलीकडं गोदाकाठी. सरजाबाईंनी अंबाडीच्या पेंढ्या डोहात कुजत घातल्या, वाख सोलून वाळवला आणि लिंबाच्या बुंध्याला बांधून मला पीळ घातला. पीळ घालताना त्या कुणाशी बोलत नसत. बोलण्यात हात सैल पडतो, असं त्यांचं म्हणणं. मी चाळीस हात भरलो. त्या वेळचे स्काऊटचे मास्तर विष्णुपंत मला न्यायला आले, तेव्हा सरजाबाई एवढंच म्हणाल्या, "ह्याच्यावर बैल टांगा, मास्तर. पण तोडू नका."

विष्णुपंतांचा काळ माझा कामाचा काळ. स्काऊटमध्ये मूल आधी प्रवेशाची परीक्षा देतं, मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, आणि ते सगळं चढून गेल्यावर राज्य पुरस्कार. वाटेत बाहीवर शिवायची पदकं असतात : प्रथमोपचार, स्वयंपाक, बचाव. विष्णुपंत मुलाच्या डोळ्यांना त्याचाच स्कार्फ बांधत, माझं टोक त्याच्या हातात देत आणि जीवरक्षक गाठ स्वतःच्या छातीभोवती मारायला लावत. मग त्याला फांदीवरून लटकवत. "गाठ बघायची नसती बाबा, तिच्यावर वजन टाकायचं असतं," असं म्हणत. खऱ्या जीवरक्षक गाठीचं वळं कितीही वजन आलं तरी आवळत नाही. तेवढाच तिचा गुण, आणि तेवढ्यासाठीच ते नाव.

त्यांच्या अकरा वर्षांत सात मुलं तृतीय सोपानापर्यंत पोचली. एका पुरात त्यातल्या दोघांनी माझ्या जोरावर चिखलात रुतलेली म्हैस बाहेर काढली. सरजाबाई येऊन माझ्या अंगावरून हात फिरवून गेल्या. जिल्ह्याच्या कागदावर मात्र 'प्रगती असमाधानकारक' असा शेरा आला.

विष्णुपंत निवृत्त झाले आणि योगीराज सर आले. माणूस वाईट नाही. मराठी शिकवतात, छान शिकवतात. त्यांच्याकडं मतदारयाद्या होत्या, सर्वेक्षण होतं, खिचडीची देखरेख होती. त्यांच्या घरी एक खाकी पँट आहे असं निष्पन्न झाल्यावर स्काऊटही त्यांच्याकडं आलं. गाईडच्या बाई बदलून गेल्यावर मुलीही आल्या. आणि एके दिवशी जिल्ह्याचं पत्र आलं : तपासणीला येत आहोत, गाठींचा फलक तयार ठेवावा.

सरांनी प्रयोगशाळेतली करवत आणली. सरजाबाई तोवर शाळेत खिचडी शिजवायला लागल्या होत्या. करवतीचा आवाज ऐकून त्या पळी घेऊनच बाहेर आल्या.

"मास्तर, काय करायलाव?"

"फलक करायलोय, आजी. उद्या तपासणी हाय."

"आवो, अखंड दोर हाय त्यो. तोडल्यावर कुणाच्या कामाचा ऱ्हाईल?"

"भितीवर ऱ्हाईल. लेकरं बघून शिकतील."

"भितीवर बघून पोहायला शिकत्यात का कुणी?"

सर हसले. करवत थांबली नाही.

गाठी मारायला त्यांनी विष्णुपंतांची जुनी पुस्तिका उघडली. तीन गाठी नीट झाल्या. चौथ्या गाठीच्या चित्रावर वाळवी लागली होती. टोक उभ्या दोरामागून कसं जातं, नेमका तेवढाच भाग वाळवीनं खाल्ला होता. सरांनी तेवढा भाग अंदाजानं भरून काढला. दिसायला मी अगदी पुस्तकातल्यासारखा झालो. पण अंगातल्या प्रत्येक पिळाला कळलं की आपलं वळं सरकतं आहे. ओढलं की आवळतं आहे. मी फास झालो होतो. वर वॉर्निशचे दोन हात बसले आणि खाली 'जीवरक्षक गाठ' ही चिठ्ठी लागली.

फलक तालुक्यात पहिला आला.

त्यानंतर परीक्षा सोपी झाली. फलकासमोर उभं राहायचं, पट्टीनं दाखवायचं, नाव सांगायचं. पहिल्याच वर्षी पस्तीस मुलं एका दुपारी दोन सोपान चढली. पाय कुणाचाच दुखला नाही. त्यांच्यातल्या कुणालाही गाठ मारता येत नव्हती, आणि म्हणूनच ती सगळी सुखरूप होती. मला भीती होती ती खरोखर शिकणाऱ्या लेकराची.

ते लेकरू यायला आठ वर्षं लागली. राजेश्री, सरजाबाईंची नात, नववीत. तिला राज्य पुरस्कार हवा होता आणि तो पट्टीनं दाखवून नको होता. मधल्या सुट्टीत ती वेणीची रिबीन सोडून काचेसमोर बसायची. मला बघायची, बांधायची, सोडायची, परत बघायची. आठव्या दिवशी डोळे मिटून तिनं मला हुबेहूब बांधलं. एवढ्या प्रेमानं माझ्याकडं कधी कुणी बघितलं नव्हतं. काचेतून ओरडता आलं असतं तर मी त्या दिवशी ओरडलो असतो.

खिडकीखालीच ती आजीला दाखवायला गेली. सरजाबाईंनी वळ्यात बोट घातलं आणि रिबीन ओढली. बोट अडकलं.

"ही गाठ न्हाई माय. फास हाय ह्यो."

"आजी, फलकावर अशीच हाय."

"फलक इहिरीत उतरणार हाय का?"

"तू ऱ्हाऊ दे. तुला गाठीचं नाव तरी सांगता येतं का?"

सरजाबाईंना गाठींची नावं येत नव्हती. नुसत्या गाठी येत होत्या. तरी त्या सरांकडं जाऊन आल्या. "बघू आजी, एवढी परीक्षा होऊ द्या," सर म्हणाले.

परीक्षेचा दिवस माघातला. परीक्षक साहेबांना दुपारच्या आत गंगाखेडला पोचायचं होतं, म्हणून सह्या आधी झाल्या आणि प्रात्यक्षिक मागून. प्रात्यक्षिक म्हणजे विहिरीत पडलेल्या माणसाचा बचाव. पडलेला माणूस म्हणून सविता निवडली गेली, राजेश्रीची जिवलग मैत्रीण. ती वजनाला हलकी आणि तोंडानं वर्गात सगळ्यांत जड.

"बुडायचं म्हंजी नुसतं लटकायचं ना गं?" सविता विचारत होती. "माझे बूट नवे हायत."

"गप. हात वर कर. माझा पुरस्कार हाय तुझ्यावर."

नायलॉनचा नवा दोर आणला होता. राजेश्रीनं तो सविताच्या छातीभोवती घेऊन गाठ मारली, एकाही चुकीशिवाय, म्हणजे अगदी माझ्यासारखी. आठ मुलांनी दोर धरला. सविता काठाखाली गेली. "आगं गार लागायलंय," असा आवाज आला. मग आवाज आला नाही.

मुख्याध्यापक दिनकरराव परीक्षकांकडं वळले. "बघा साहेब, शिस्त. पोरगी एक शब्द बोलत नाही."

साहेबांनी मान डोलावली. फोटो निघाले. एक सरळ, एक आडवा.

सरजाबाई चुलीपासून उठून आल्या. "सविता हाय ना ती? वर्गात गप बसत न्हाई, इहिरीत कशी गप बसली?" मग त्यांचा आवाज सगळ्या शाळेनं ऐकला. "ओढा रे! मुडद्यांनो, ओढा तिला!"

वर आली तेव्हा तिची मान छातीवर पडली होती आणि ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. सरजाबाईंनी विळ्यानं दोर कापला आणि तिच्या पाठीवर थापा मारायला लागल्या. किती वेळानं तिनं श्वास घेतला, ते मला सांगता येणार नाही. घड्याळ माझ्या मागच्या भिंतीवर आहे.

राजेश्री परीक्षकांच्या पुढ्यात उभी राहिली. "साहेब, माझी गाठ चुकली."

साहेब कर्तव्याला पक्के. कापलेला दोर घेऊन ते खोलीत आले, चष्मा पुसला आणि ती गाठ माझ्याशी ताडून बघितली. बराच वेळ बघितली. "चुकली कुठं? फलकाप्रमाणंच आहे. पूर्ण गुण." नोंदवहीत 'उन्हामुळं चक्कर' असं लिहिलं गेलं. माघातल्या उन्हामुळं.

राजेश्रीनं ते बचावाचं पदक बाहीवर शिवलं नाही. सविता अजून वर्गात हात वर करून उत्तर देत नाही. खिचडीचं काम यंदा दुसऱ्या कुणाकडं गेलं आहे.

याला आता वर्ष झालं. आज दुपारी त्या दोघी आल्या. दहावीत आहेत. उद्यापासून त्यांची सराव परीक्षा दुसऱ्या केंद्रावर आहे.

"सर, किल्ली द्या," राजेश्री म्हणाली. "चौथी गाठ सोडू द्या मला. आजीनं खरी शिकवलीय, मी तिथं खरी बांधते."

योगीराज सरांनी बुटाची नाडी टेबलाखाली सरकवली. मी रोज बघतो, शाळा सुटल्यावर ते त्या नाडीनं माझ्यासमोर खटपट करत बसतात. "मला काय कळत न्हाई का गं? पण उद्या तपासणी हाय. वॉर्निश उकललेलं दिसलं तर काय सांगू? परवा काढू. नक्की काढू."

"आन् उद्याचं प्रात्यक्षिक?"

"इहिरीवर न्हाई करणार. झाडालाच करू. मी सांगतो मोठ्या सरांना."

बाहेर पडताना राजेश्री दाराशी थांबली. यंदाची गाठ मारणारा गोपाळ सुतळी घेऊन पायरीवर बसला होता. सातवीतला, फार मन लावून शिकणारा. तिनं त्याच्या हातातली सुतळी घेऊन खरी गाठ बांधून दाखवली. त्यानं ती बघितली आणि परत सोडून टाकली.

"ताई, फलकावर अशी न्हाई."

राजेश्रीनं मागं वळून काचेकडं बघितलं.

त्या गेल्या आणि दिनकरराव आत आले. सरांनी झाडाचा विषय काढला. "झाडाला?" दिनकरराव म्हणाले. "अहो, मागच्या वर्षीचा विहिरीचा फोटो लय भारी आला होता. साहेबांनी मुद्दाम विचारलंय. विहीरच ठेवा." योगीराज सरांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी यादीत 'पडलेला माणूस' यापुढं नाव लिहिलं. सुकेशनी, सहावी. वजन सव्वीस किलो.

मित्रांनो, अशा हकिकतीच्या शेवटी जुन्या वस्तूनं विनवायचं असतं की माझी निगा राखा. माझी निगा फार राखली जाते. दर वर्षी वॉर्निशचा एक हात मिळतो, काच रोज पुसली जाते. मला निगा नको. मला कुणीतरी सोडा. वळ्यात बोट घाला, टोक ओढा आणि बोटाला काय होतं ते एकदा मोठ्या माणसांना दाखवा. काच फुटली तर छड्या बसतील. बसू द्या.

उद्या सकाळी साडेदहाला साहेब येणार आहेत. नवा दोर आला आहे, पिवळा आहे, कोपऱ्यात ठेवला आहे. सुकेशनी खिडकीबाहेर लंगडी खेळते आहे.

किल्ली योगीराज सरांच्या टेबलाच्या डाव्या खणात आहे, खडूच्या डब्याखाली.