घासाआधी

"आज मासे राहू देत, तूच गळाला लागल्यासारखा तळमळतोयस," लायल म्हणाला.

एनार नुसताच हसला. गोठलेल्या तळ्यावरच्या लाकडी खोपटात दोघे उलट्या बादल्यांवर बसले होते. मधे मासे धरायला बर्फाला पाडलेलं भोक. त्यातून हिरवट उजेड वर येऊन फळ्यांवर, लायलच्या पांढऱ्या दाढीवर संथ हलत होता. अशा उजेडात माणसाला आपलं वय आठवत नाही.

आज मात्र आठवायला हवं होतं. उद्या लायल कायमचा लेकीकडे, ॲरिझोनाला निघाला होता. सव्वीस हिवाळे दोघांनी इथे काढले. शाळेची बस चालवण्यात जन्म गेलेला एनार रविवारची प्रार्थना कधी चुकवत नसे. लायल बायकोच्या दफनानंतर चर्चची पायरी चढला नव्हता. 'मित्राला येशूबद्दल कधी सांगितलंत?' असं पास्टरबाईंनी विचारलं तेव्हा एनारची मान खाली गेली होती. त्यांनी दिलेली चार वाक्यं त्याने घोकून घोकून पाठ केली होती. लायल त्याला हवा होता, या जगात आणि पुढच्याही.

"लायल, एक विचारायचं होतं."

"विचार की. नव्या नवरीसारखा लाजतोस काय?"

"मेल्यावर... मेल्यावर तू कुठे जाशील, याचा विचार केलायस?"

"ॲरिझोनाच्या पुढचं तिकीट अजून काढलं नाही बाबा."

उरलेली तीन वाक्यं एनारच्या घशातच राहिली. ओशाळून त्याने डबा उघडला, सँडविच काढलं आणि मोठा घास घेतला. चावता चावता वर पाहिलं, तर लायल सँडविच हातात धरून तसाच बसलेला. लोकरी टोपी काढून मांडीवर ठेवलेली.

"खा ना."

"तुझं राहिलं ना."

"काय?"

"ते मान खाली घालून पुटपुटतोस ते. ते झालं की मग मी खातो. आज विसरलास होय?"

एनारने घास कसाबसा गिळला. घासाआधीच्या प्रार्थनेत त्याचे डोळे मिटलेले असायचे; समोर लायलची टोपी उतरते हे त्याला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं.

"आज जरा मोठ्याने म्हण," लायल म्हणाला. "कळू दे तरी काय म्हणतोस."

"प्रभू, या अन्नासाठी तुझे उपकार. लायलला मार्गीसारखी बायको दिलीस, त्याचेही उपकार. त्याच्या गुडघ्यांना आराम दे. त्याला एकटं सोडू नकोस. आमेन."

लायलने मांडीवरची टोपी उचलली.

"मार्गी रोज असते यात?"

"रोज."

लायलने टोपीनेच नाक पुसलं. "तिकडे मी कुणासाठी थांबू रे?"

"मी बाराला म्हणेन. तिकडे तेव्हा अकरा वाजतील."

"मग अकराला जेवीन. लेक वेड्यात काढेल."

तिसऱ्या दिवशी एनार एकटाच तळ्यावर आला. भूक केव्हाच लागली होती, तरी घड्याळात बारा वाजेपर्यंत त्याने डबा उघडला नाही. मग डोक्यावरची टोपी काढली, समोरच्या रिकाम्या बादलीवर ठेवली आणि मोठ्याने लायलचं नाव घेतलं.