कपाशीत आलेला हॉलिवूडचा नट

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मी एक जुना सिनेमा-प्रोजेक्टर आहे. आणि वीज गेलेली असताना, पोटातला दिवा फुटलेला असताना, मी एकदा सिनेमा दाखवला आहे. हसायचं तर खुशाल हसून घ्या. लोकांना हसवण्यातच माझा जन्म गेला.

मी घडलो परदेशात. लोखंडी अंग, काचेचा एकच डोळा आणि रिळं अडकवायला दोन हात. पण माणसांत आलो तो वऱ्हाडातल्या तेल्हाऱ्याला, पंजाबरावांकडे. पंजाबराव तेव्हा चोवीस वर्षांचे. मला गाडीत घालून ते गावोगाव हिंडायचे आणि कपाशीवर औषध कसं फवारायचं, याचा माहितीपट दाखवायचे. नुसता माहितीपट म्हटलं की मैदानात चार म्हातारे आणि दोन कुत्री. म्हणून त्यांनी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका दुकानातून हॉलिवूडच्या एका नटाचे विनोदी सिनेमे भाड्याने आणायला सुरुवात केली.

काय तो नट! तंगड्या लांब, चेहरा साळसूद, आणि आपटला तरी आधी टोपी सावरणार. बोलायचा मात्र इंग्रजी. म्हणून पंजाबराव माझा आवाज बंद करायचे आणि पडद्याशेजारी उभं राहून त्याचं सगळं बोलणं स्वतःच वऱ्हाडीत बोलायचे. इंग्रजी त्यांनाही येत नव्हतं, पण ही गोष्ट फक्त त्यांना आणि मला ठाऊक होती. भातकुलीला तर पडद्यामागे बांधलेली एक म्हैस इतकी हसली, की तिने दोन दिवस दूधच दिलं नाही. नाही, खरंच.

एकदा तेल्हाऱ्यातच घोटाळा झाला. सिनेमा तीन रिळांचा होता. तिसरं रीळ पंजाबराव अकोल्याच्या दुकानातच विसरून आले, आणि घाईत त्याच्या जागी फवारणीचं रीळ चढवून बसले. दुसऱ्या रिळाच्या शेवटी नटाला त्याच्या होणाऱ्या सासऱ्याने घराबाहेर हाकललं होतं. आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर कपाशीचं शेत! तोंडाला फडकं बांधलेला, पाठीवर पंप घेतलेला माणूस डावा पाय जरा ओढत चाललेला. मी तर चाकं थांबवायच्याच बेतात होतो. पंजाबराव मात्र एक श्वासही थांबले नाहीत.

"सासऱ्याच्या भेवानं तोंड बांधून आपला गडी सीधा वऱ्हाडात आला," ते म्हणाले. "सासरा म्हने, आधी बोंडअळी मारून दाखव, मंग पोरगी देतो."

मैदान हसून लोळायचंच बाकी राहिलं. त्या वर्षी फवारणी साऱ्या गावाला तोंडपाठ होती. बायकांच्या बाजूला बसून लीलाबाई सगळ्यांत जास्त हसल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात पंजाबरावांशी लग्न करून घरात आल्या. खरं काय ते पंजाबरावांनी त्यांना कधीच सांगितलं नाही.

मग टीव्ही आला आणि मी माळ्यावर गेलो. घराची सून पौर्णिमा दर दिवाळीला मला भंगारात द्यायची भाषा करायची. मी आपली कोळ्यांना जाळी विणायला जागा दिली.

गेल्या वर्षी लीलाबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नव्या डोळ्यांनी त्यांना तोच सिनेमा पाहायचा होता. आकांक्षाने, म्हणजे नातीने, तो मोबाईलवर शोधून काढला. शेवटी नट नवरीला घेऊन बोटीत बसला.

"हा तो नाही," लीलाबाई म्हणाल्या. "त्याच्यात कपाशी होती."

आकांक्षा हसली. पौर्णिमा हसली नाही. सासूबाई हल्ली किल्ल्या कुठेही ठेवून विसरत. आता त्यांना हॉलिवूडमध्ये कपाशी दिसू लागली, म्हणून तिने अमरावतीच्या डोक्याच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. ते ऐकून पंजाबराव भरल्या ताटावरून उठले. त्यांच्या साठ वर्षांच्या थापेपायी बायको वेडी ठरत होती.

रविवारी दुपारी त्यांनी मला खाली उतरवलं. खिडक्यांना गोधड्या लावल्या. तुटलेल्या पट्ट्याच्या जागी लीलाबाईंच्या शिलाई मशीनचा पट्टा चढवला. बटण दाबलं मात्र, माझा दिवा फटकन फुटला आणि घरातली वीजही गेली. फवारणीच्या रिळाचा डबा उघडला तर आंबूस वास. सगळं सडलेलं. जेमतेम हातभर पट्टी धड होती.

पंजाबराव माझ्याशेजारी बसले आणि सगळ्यांदेखत सारं कबूल करून टाकलं. अकोल्यात राहिलेलं रीळ, न येणारं इंग्रजी, सगळं. शेवटी म्हणाले, "येडी तू नाही लीला. खोटारडा मी हाओ."

लीलाबाई शांतपणे म्हणाल्या, "मले त्याच दिवशी समजलं होतं. तोंड बांधलं म्हून मामा ओळखू येत नाही काय? तो फवारनारा माहा भातकुलीचा मामा होता."

"मंग इतकी वर्सं बोलली काहून नाही?"

"तुमी इतक्या रंगात येऊन सांगत होते, कोन मोडता घालन? अन् मामाचा एक फोटो बी नाही कोनापाशी. तेवढ्यासाठीच म्हनत होती, एकदा लावा."

आणि मित्रांनो, आता ते आश्चर्य. पंजाबरावांनी माझं चाक हाताने फिरवलं. ज्या घराने मला साठ वर्षं सांभाळलं, त्याच्या उपकाराच्या जाणिवेने माझं पोट भरून आलं आणि माझ्या काचेच्या डोळ्यातून आपसूक उजेड पडला. वीज नाही, दिवा नाही! समोरच्या भिंतीवर मामा कपाशीतून दोन पावलं चालले, डावा पाय ओढत. लीलाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, वडीलधारं माणूस आल्यावर घेतात तसा.

सोमवारची वेळ पौर्णिमाने रद्द केली. मी आता बैठकीत असतो. म्हणून सांगतो मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा उघडून बघा. आत कुणाचा तरी मामा असेल. आणि कुणी जीव लावला, तर माझ्यासारखं यंत्रही कृतज्ञतेने स्वतःहून प्रकाश...

"आपसूक उजेड म्हने," फडकं घेऊन आलेली पौर्णिमा म्हणाली. "मोबाईलची बॅटरी तुह्या मागून मी धरली होती. खांदा अजून दुखते माहा. चाल, डोळा पुसू दे."