दहापैकी चार

लोकांचं घर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवायचं, हा त्या कुटुंबाचा धंदा. थोरला भाऊ टेम्पो चालवायचा आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, धाकटा ओझी उचलायचा, आणि थोरल्याची बायको बांधाबांध करायची. तिला सगळे वहिनीच म्हणत. गिऱ्हाइकंसुद्धा दुसऱ्या भेटीत म्हणू लागत. कपबशा, आरसे, कुणाच्या दिवंगत सासऱ्यांची तसबीर, सगळं तिच्या हाताखालून जायचं. खोकं बांधून झालं की ते कानाशी धरून ती हलवून बघायची. आतून जरा आवाज आला की खोकं पुन्हा उघडायचं. "खुळखुळलं की फुटलं," हा तिचा कायदा. तिच्या हातची एक बशीही आजवर फुटली नव्हती. हे ती स्वतः कधी सांगायची नाही, नवऱ्याकडून सांगवून घ्यायची.

धाकट्या दिराचं मात्र कायम काहीतरी दुखत असायचं. बोटात कुसळ गेलं तरी घर डोक्यावर. कधी पाठ धरायची, कधी गुडघा बोलायचा, कधी नुसतंच "कसंतरी होतंय." वहिनी लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत होता, त्यामुळे तिचा दरारा आईपेक्षा दोन बोटं वरचाच. "भाऊजी, बाळंतपणाची खोली तयार करू का तुमच्यासाठी?" असं ती सगळ्यांदेखत विचारायची. सगळे हसायचे. तोही हसायचा.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचं जुनं लाकडी कपाट उतरवत होते. जिन्याच्या वळणावर पट्टा सटकला, कपाट घसरलं आणि धाकट्याचा डावा हात कठड्यात नि कपाटात सापडला. थोरल्यानं जिवाच्या आकांतानं कपाट मागे ओढलं. धाकटा मटकन पायरीवर बसला. मनगटाच्या वर, जिथे हाताला वळण नसतं, तिथे एक वळण आलं होतं.

थोरल्यानं अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला आणि पलीकडून जे येईल ते मोठ्यानं म्हणू लागला. "हलवू नका म्हणतायत... आहे तसाच ठेवा... खाली मऊ काहीतरी द्या... बांधलात तर सैल बांधा... बोटांवर लक्ष ठेवा, गार पडतात का, रंग बदलतो का..."

"बांधायचं कसं ते आता मला फोनवरून शिकवणार का?" वहिनी म्हणाली. तोवर ती कामाला लागलीही होती.

तिनं जाड पुठ्ठा पन्हळीसारखा दुमडला, आत बबल रॅपचे दोन थर घातले आणि कोपरापासून तळव्यापर्यंत हात त्यात अलगद ठेवला. पुठ्ठ्यापर्यंत सगळं बरोबर होतं, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. मग तिनं खाकी टेप घेतली. टेप हातात आली की तिला दुसरं काही सुचत नसे. एक फेरा, दुसरा फेरा, प्रत्येक फेऱ्याला एक हिसका. शेवटी तिनं दोन बोटांनी दाबून बघितलं. आत काहीही हलत नव्हतं.

"वहिनी, घट्ट होतंय गं."

"घट्टच असतं."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "वहिनी, आधीपेक्षा जास्त दुखायला लागलंय."

"मग? हाड आहे ते भाऊजी, उशीचा अभ्रा नाही."

"बोटांना मुंग्या आल्यात."

थोरला चुळबुळला. "अगं, मुंग्या म्हणतोय तो. जरा सैल..."

"त्यांना स्वतःच्या लग्नातही मुंग्या आल्या होत्या," वहिनी म्हणाली. थोरल्याला हसू आवरेना. धाकट्यानंही हसायचा प्रयत्न केला, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. मग तो एकदम गप्प झाला.

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "नीट बांधल्यावर कसे शांत झाले."

अ‍ॅम्ब्युलन्समधून आलेली बाई ठेंगणी, दणकट होती. कपाटाला अंग घासत ती वर आली आणि आल्या आल्या तिनं बघितली ती बोटं. काळसर पडली होती. तिनं एक नख दाबलं, सोडलं, आणि वाट बघत राहिली. दाबलेल्या जागी रंग परत येईना.

"कुणी बांधलं हे?"

वहिनीनं हातातलं टेपचं रीळ पाठीमागे नेलं.

"मीच म्हणालो घट्ट बांधा," धाकटा म्हणाला.

वहिनी भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

बाईनं बोथट टोकाची कात्री टेपखाली सरकवली. एकेक फेरा कापला जाताना बबल रॅपचे फुगे फुटत होते, आणि प्रत्येक फुग्यासरशी वहिनी दचकत होती. टेप पूर्ण सुटली तेव्हा धाकट्याच्या तोंडून एक लांबलचक श्वास बाहेर पडला, पाण्याखाली दाबून धरलेलं माणूस वर आल्यासारखा. सुजलेल्या कातडीवर त्या फुग्यांचे गोल गोल ठसे उमटले होते. एका ओळीत, नीटनेटके. वहिनीचं काम नेहमीच नीटनेटकं असे.

बोटांत हळूहळू लाली आली.

"पुठ्ठा छान दुमडलाय, तो राहू दे," बाई म्हणाली. हे ऐकून वहिनीला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईनं मऊ पट्टीनं हात पुन्हा बांधला, पट्टीखालून आपलं बोट सहज जातंय ना ते बघितलं आणि विचारलं, "आता सांगा, दहापैकी किती दुखतंय? काहीच नसेल तर शून्य. सहनच होत नसेल तर दहा."

धाकट्यानं वर बघितलं ते वहिनीकडे.

"चार," तो म्हणाला.

"चारच असेल तर गोळीवर भागवू. पण पुढचा रस्ता सगळा उखडलाय. इंजेक्शन हवं असेल तर आत्ताच सांगा."

"चारच."

त्याच्या वरच्या ओठावर घाम साचला होता. शर्टाची कॉलर चावून चावून ओली झाली होती. वहिनीला तो आकडा कुठून आला ते बरोबर कळलं. इतकी वर्षं तो जे जे दुखणं घेऊन आला, त्यात तिनं बाजारातल्यासारखी घासाघीस केली होती. तो दहा म्हणायचा, ती दोनावर आणायची. आज त्यानं आपणहून भाव पाडून ठेवला होता.

गप्प राहिली असती तरी चाललं असतं. कुणीच काही विचारलं नव्हतं. नवरा खाली मान घालून उभा होता. वरच्या दारातून, जिचं सामान होतं ती बाई वाकून बघत होती.

"चार नाहीये ते," वहिनी म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "चार नाहीये. माझ्यासमोर ते चारच सांगणार. मी हसते त्यांना. टेप मीच आवळली. मुंग्या आल्या म्हणाले, तेव्हाही हसले."

अ‍ॅम्ब्युलन्सवाली बाई फक्त एक पायरी सरकली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. तिची पाठ वहिनीकडे होती. "हं, आता सांगा."

पाठीपलीकडून आवाज आला, "नऊ." मग जरा थांबून, "नऊच्या वर काय असतं?"

"दहा."

"मग तेच."

बाईनं औषधांची अ‍ॅलर्जी वगैरे विचारलं आणि इंजेक्शन दिलं. "हे लागू पडेपर्यंत जिना उतरायचा नाही. कुणीतरी हात खालून असा अलगद धरून बसा."

वहिनी पुढे झाली. तळवे जोडून तिनं ओंजळ केलीसुद्धा होती.

"दादा धरेल," धाकटा म्हणाला. "वहिनी, तू राहू दे."

त्यात राग नव्हता. राग असता तर तिला उलट बोलता आलं असतं. थोरला खाली बसला आणि तिला जागा करून द्यायला वर चढावं लागलं. ओंजळीचं काय करावं हे तिला कळेना, म्हणून तिनं हात पदरात गुंडाळले.

मग धाकटा रडू लागला. भावाच्या खांद्यात तोंड खुपसून, अगदी लहान मुलासारखा, मोठ्यानं. सगळा जिना त्या आवाजानं भरून गेला. वहिनी कपाटाला टेकून ऐकत होती.

वरची बाई पायऱ्या उतरून तिच्याजवळ आली. "फार दुखतंय का हो त्यांना?" तिनं हळूच विचारलं.

'त्यांचं नेहमीचंच आहे' हे वाक्य वहिनीच्या जिभेवर तयार होतं. ते तिनं गिळलं.

"हो," ती म्हणाली. "फार दुखतंय."